कच्ची पत्ताकोबी

बाने घास चावता चावता मध्येच थांबून जीभ टाळ्याला लावली, आणि दिनकरच्या हातातला तांब्या इतका तिरपा झाला की पाणी भाकरीवर सांडलं. बा काहीतरी शोधत होता. दातांच्या फटीत, गालाच्या आतल्या बाजूला जीभ फिरवून फिरवून शोधत होता. स्वयंपाकघराच्या दारात सत्यशीला उभी होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, सासऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. मग बा म्हणाला, "काकडी लय कवळी हाय रे," आणि त्याने पुढचा घास घेतला. दिनकरने भाकरी बदलून दिली, पाणी पुसलं, उगाच मीठ सरकवलं. छत्तिशीचा माणूस, कृषी विद्यापीठात पोरांना जीवरसायनशास्त्र शिकवणारा, आणि बापासमोर चोरी लपवणाऱ्या पोरासारखा वागत होता. वाटीतल्या दह्यात काकडी होती, दाण्याचा कूट होता, आणि विळीवर रव्याइतकी बारीक चिरलेली मूठभर कच्ची पत्ताकोबी होती. दिवाळी झाल्यापासून ती रोज त्या वाटीत असायची. बाला ते माहीत नव्हतं. आणि बाने पत्ताकोबीला तोंड लावायचं नाही असं ठरवून पंधरा वर्षं होत आली होती.

जेवण झाल्यावर बाला खाटेवर निजवताना त्याच्या पाठीखाली हात गेला की दिनकरला दर वेळी तेच जाणवायचं, की हे ओझं हलकं होत चाललं आहे. हाच बा त्याला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचा. आता एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं म्हटलं की तो आधी डोळे मिटायचा, मग दात दाबायचा, मग वळायचा. उन्हाळ्यात लघवी अडली म्हणून परभणीच्या डॉक्टरने नळी घातली, तिथून औरंगाबादला नेलं, तिथे प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. त्या गाठीला पुरुषाच्या अंगातलं जे पाणी पोसतं ते बंद करायला दोन्ही अंडं काढून टाकली. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर बाने एवढंच विचारलं होतं, "आता लेकरं कुठं व्हायचीत मला? काढलं तर काढलं." सगळे हसले होते. दिनकर बाहेर व्हरांड्यात जाऊन रडला होता. तीन-चार महिने बरे गेले, आणि पाठ दुखायला लागली. डॉक्टरने एक्स-रे उजेडासमोर धरून कण्याच्या मणक्यांवर बोट फिरवलं. गाठ आपली जागा सोडून हाडात उतरली होती. "पसरलंय," डॉक्टर म्हणाला, "आता पसरण्याचा वेग कमी राहो, एवढंच म्हणायचं." हा 'वेग' शब्द दिनकरच्या डोक्यात जो शिरला तो निघेना. वेग मोजता येतो, वेग कमी करता येतो. प्रयोगशाळेत त्याचं सगळं आयुष्य असल्याच गोष्टींत गेलं होतं.

म्हणून मग तो ग्रंथालयात बसायला लागला. परदेशातून उशिरा येणारी, धूळ बसलेली मासिकं तो एकामागून एक उपसत होता, आणि एका दुपारी त्याला आपलंच काम परक्या कपड्यात समोर उभं राहिलेलं दिसलं. कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी हे सगळे एकाच कुळातले. त्यांच्या पेशींत गंधकाची काही संयुगं असतात. पान कापलं, चिरडलं, दाताखाली आलं की पेशीत वेगवेगळी ठेवलेली दोन द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि नाकात चढणारा तो झणका तयार होतो. शिजवलं की त्यातलं एक मरून जातं. हे तर दिनकर झोपेतही सांगू शकला असता. मोहरीच्या पेंडीतला हाच झणका जनावरांना बाधतो, तो कमी कसा करायचा, यावरच त्याने दहा वर्षं घालवली होती. शेजारच्या उद्यानविद्या विभागातले तात्याराव त्याला चिडवायचे, "दिनकरराव, आपल्या जिल्ह्यात मोहरी फोडणीपुरती, पण तुमची चूल मात्र तिच्यावर पेटते." आणि आता मासिक म्हणत होतं की ज्याला तो दहा वर्षं दोष म्हणत आला त्यानेच उंदरांच्या अंगातल्या गाठी कमी झाल्या होत्या. प्रयोग माद्यांवर होता. गाठी स्तनातल्या होत्या. प्रोस्टेटचं नावही त्यात नव्हतं, हाडात उतरलेल्या गाठीचं तर नव्हतंच. एखाद्या विद्यार्थ्याने असला पुरावा घेऊन असला निष्कर्ष काढला असता तर दिनकरने त्याला वर्गातून उठवलं असतं. त्या दुपारी त्याने मासिक मिटलं, सायकल काढली आणि वाटेत थांबून एक घट्ट, जड गड्डा घेतला. तेवढ्या वाटेत त्याला इतका आनंद झाला होता की घराच्या दारात सायकल लावेपर्यंत बाची जबान त्याच्या ध्यानातच आली नाही.

त्या दिवशी त्याने बाला सरळच विचारलं होतं. चोरी नंतरची. खाटेशी बसून त्याने पोराला समजवावं तसं सगळं समजावलं, पेशी काय, झणका काय, उंदीर काय. बाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे हे औषध हाय म्हण."

"औषधासारखं समजा."

"आन ह्याच्याबिगर दुसरं कशात न्हाई का?"

"मुळ्यात हाय, मोहरीत हाय. पण मुळ्यानं तुमच्या लघवीची आग होती. मोहरी पोटाला सोसत न्हाई. बा, ही भाजी हाय. नुसती भाजी."

"भाजीच हाय की. मीच पिकवली व्हती." बा छताकडे बघत राहिला. "बाबासायबांचं नाव लागू दे, मंग खातो."

"आन तवर? नाव लागायला आणखी धा वर्सं लागली तर?"

"तर न्हाई खाल्ली आसं व्हईल."

"बा, तुमीच म्हणायचे ना, उपास-तापास, व्रतं-बितं आपण सोडलीत म्हणून? बाबासायबांनी सोडायला लावलीत म्हणून?"

"हे व्रत न्हाई, दिनकर," बा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "व्रत देवाला बोलतेत. मी देवाला काय बोललो न्हाई. मी मानसात बोललो. ती जबान हाय."

ती जबान दिनकरच्या डोळ्यांदेखत दिलेली होती, आणि त्या सगळ्याच्या मुळाशी दिनकरच होता, हे तो कुणाला सांगणार? तो कॉलेजच्या वसतिगृहात राहत होता तेव्हाची गोष्ट. बाकीच्यांसारखी ज्वारी-कपाशी करण्यापेक्षा विहिरीवरच्या तुकड्यात पत्ताकोबी लावा, भाव येतो, असं त्यानेच बाला पटवलं होतं, बियाणंही त्यानेच आणून दिलं होतं. वतनातली ती चिमूटभर जमीन. बाने तिथे वाफे आखले, रोपं लावली, रोज घागरीने पाणी घातलं, आणि त्याच पावसाळ्यात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. पुढे जिल्ह्यात गावोगावी काय झालं ते दिनकरला आठवायचं नसतं. त्यांच्या गावात घरं जळली नाहीत, एवढं आई हात जोडून सांगायची. पण बोलणं बंद झालं. दळण बंद झालं. ज्यांच्या रानात आई जन्मभर खुरपत होती त्यांनी मान फिरवली. थंडीत गड्डे भरले, इतके देखणे की वाटसरू बांधावर थांबायचे, आणि बा भाड्याच्या गाडीत माल भरून आठवडी बाजाराला गेला. दिनकर सुट्टीवर होता, तोही गेला, आणि बाचा जोडीदार सटवाजी गेला. अख्खा दिवस ते तिघे त्या हिरव्या ढिगामागे बसून होते. बाया यायच्या, गड्डा उचलून दाबून बघायच्या, त्यांच्या तोंडावर पसंती दिसायची, मग मागून कुणीतरी हळूच काहीतरी बोलायचं आणि गड्डा अलगद खाली ठेवला जायचा. तो खाली ठेवताना हात जितका हळू व्हायचा तितकं दिनकरला जास्त लागायचं. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दिवस कलल्यावर एकजण म्हणाला, जनावरांना टाकायला फुकट देत असशील तर नेतो. तेव्हा बाने विळा घेतला, एक गड्डा मधोमध चिरला, आतला पांढरा भाग कच्चाच तोंडात टाकला आणि सगळ्यांसमोर सावकाश चावला. "माल खराब न्हाई," तो म्हणाला. "माल चांगला हाय. आता ज्या दिवशी नाव लागंल त्या दिवशी खाईन." बाजार ऐकत होता. मग त्याने ढीग गाडीत भरला. एकही गड्डा त्याने कुणाला फुकट दिला नाही, आणि त्या आठवड्यात वस्तीतल्या प्रत्येक घरी पत्ताकोबी शिजली, फक्त त्यांच्या घरी शिजली नाही.

तेव्हापासून जिल्ह्यात कुठे सभा असली, मोर्चा असला की लोक बाला ओळखायचे. आश्रुबा म्हणजे तो, कोबी न खाणारा. त्याला भाषण येत नव्हतं, घोषणा देताना आवाज फाटायचा, तुरुंगात गेला तोही गर्दीत सापडला म्हणून. पण जेवणावळीत पत्ताकोबी-वाटाण्याची भाजी आली की ताटावर हात आडवा धरायचा, आणि शेजारचा माणूस आपोआप ताठ बसायचा. दिनकरच्या लग्नात आचाऱ्याने नेमकी तीच भाजी केली, तर नवऱ्या मुलाचा बाप कोरडी पुरी आणि वरण खाऊन उठला होता. दिनकरला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही आला होता. हे काय एका भाजीवर एवढं, असं त्याच्या शिकलेल्या मनाला वाटायचं. आता खाटेशी बसून तो विचार करायचा, बाकी बापाजवळ होतं काय? जमीन त्या सालानंतर पडीक राहिली, आई गेली, अंगातलं पुरुषपण डॉक्टरने काढून नेलं. उरली ती जबान. आणि तीच तो रोज सकाळी विळीवर बारीक चिरत होता.

सत्यशीलाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. ती शाळेत शिकवायची, तिला उंदीर आणि पेशी समजत होत्या, म्हणून दिनकरला वाटलं होतं की ती समजून घेईल. "तुमी म्हणता ते खरं असंल," ती म्हणाली, "पर मामांना न सांगता? माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

"ते मरू द्यायचे का मग?"

"मरू द्या म्हणले का मी?" तिचे डोळे भरून आले. "विचारा त्यायला आणखी एकदा. पाया पडा. पर असं नगा करू."

दिनकरने पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर बाला वास लागला असता. दुसऱ्या दिवसापासून बाची कोशिंबीर तो स्वतः करायला लागला, बाचं ताट स्वतः वाढायला लागला. बाला त्याचं भारी कौतुक. भेटायला येईल त्याला तो सांगायचा, "एवढा परपेसर झाला, पर मला आपल्या हातानं वाढायलाय." दिनकर तेव्हा पाणी आणायच्या निमित्ताने आत जायचा. गड्डे तात्याराव आपल्या विभागाच्या प्लॉटवरून द्यायचे, वडिलांच्या पथ्यासाठी आहेत म्हटल्यावर निवडून चांगले द्यायचे. तात्याराव भला माणूस. बाला दवाखान्यात न्यायला त्यांनीच जीप मिळवून दिली होती. पण इतक्या वर्षांच्या मैत्रीत विद्यापीठाच्या नावाबद्दल एक शब्द त्यांनी काढला नव्हता आणि दिनकरनेही काढला नव्हता. तो विषय आला की दोघेही मोहरीबद्दल बोलायचे. त्यांच्या हातून गड्डा घेताना दिनकरला वाटायचं, सांगावं यांना, की या भाजीचं आमच्या घरात काय झालंय. मग वाटायचं, कुणाला म्हणून सांगायचं? जबान मोडणारा मी, आणि गाऱ्हाणं यांच्यासमोर?

आणि वाईट असं की पाठ थोडी कमी दुखायला लागली. निदान दिनकरला तसं वाटलं. डिसेंबरात बा दोन वेळा भिंतीला धरून अंगणात आला, उन्हात बसला, शेजारच्या पोरीला गोष्ट सांगितली. डॉक्टर म्हणाला, गोळ्या लागू पडल्या असतील, असे दिवस येतात मध्ये. दिनकरला ते ऐकायचं नव्हतं. तो रोज बाचा चेहरा वाचायचा, वळताना दात किती दाबतो ते बघायचा, आणि एखादा दिवस बरा गेला की मनाशी म्हणायचा, बघ, वेग कमी झाला. त्या एका शब्दावर त्याचा जीव टांगलेला होता. कधी दुपारी वर्गात फळ्यावर सूत्र लिहिता लिहिता त्याचा खडू थांबायचा. समजा हे खरंच लागू पडलं आणि बा आणखी चार वर्षं जगला, तर ती चार वर्षं कुणाची? जबान पाळणाऱ्या आश्रुबाची, का मी फसवून जगवलेल्या कुणा म्हाताऱ्याची? पोरं वाट बघत बसायची. मग तो सूत्र पुरं करायचा. बाप हवा होता त्याला, बाकी काही नको होतं. कसाही, कुणीही, फक्त खाटेवर श्वास घेणारा हवा होता.

संक्रांतीला रेडिओवर बातमी आली. सत्यशीला शेजारी तिळगूळ द्यायला गेली होती, ती धावतच परत आली. बा खाटेवर अर्धवट उठून बसला होता आणि रेडिओकडे असा बघत होता, जणू म्हणत होता, आणखी एकदा सांग.

"लागलं म्हणं का?" त्याने विचारलं.

"लागलं, बा."

"सगळं? का मराठवाडा बी ठिवलाय?"

"मराठवाडा बी हाय. दोन्ही नावं."

"आधी कोन्तं?"

"आधी बाबासायबांचं."

दिनकर त्याच्या तोंडाकडे बघत होता. आपल्या मनात काय चाललं आहे ते कळून त्याला स्वतःची शिसारी आली. त्याला वाटत होतं, बाने म्हणावं, हे अर्धंच झालं, आपली जबान याने सुटत नाही. म्हणजे ती उघड खाऊन चव ओळखायची वेळ येणार नाही. म्हणजे कोशिंबीर चालू राहील. बाने हात वर केला. "आधी लागलं," तो म्हणाला. "मंग झालं." आणि पोरासारखा हमसून रडायला लागला. सत्यशीला त्याच्या पायाशी बसून रडली. दिनकरही रडला, पण त्याच्या रडण्यात काय काय मिसळलेलं होतं हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं. बाहेर रस्त्यावर फटाके सुरू झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने गावाकडून, ताडकळसवरून सटवाजी आला. म्हातारा, गुडघ्यात वाकलेला, सदऱ्यावर निळा गुलाल, आणि काखेतल्या पिशवीत एक गड्डा. त्याच्या मागोमाग इथल्या वस्तीतले लोक आले, तरणी पोरं आली, बाया आल्या, अंगणात मावेनात. कुणी बाच्या कपाळाला निळं लावलं, कुणी पाया पडलं. सटवाजी सगळ्यांना सांगत होता, बाजार कसा होता, ढीग केवढा होता. "आन हा बहाद्दर," तो ओरडला, "पंधरा वर्सं! लेकाच्या लग्नात न्हाई, कुठंच न्हाई! आँ? हाय का कुनी?" पोरांनी जय भीमचा गजर केला. बा खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. दुखण्याने खचलेला तो चेहरा त्या सकाळी इतका देखणा दिसत होता की दिनकरला तिकडे बघवेना. सत्यशीला म्हणाली, शिजवून आणते. सटवाजी म्हणाला, "छट्! कच्चीच. बाजारात खाल्ली तशी." त्याने विळा मागून घेतला आणि गड्डा मधोमध चिरला. करकर आवाज झाला आणि तो ओळखीचा झणका दिनकरच्या नाकात शिरला. सटवाजीने पांढऱ्या भागाचा तुकडा काढला, बाच्या तोंडाकडे नेता नेता थांबला आणि दिनकरच्या हातात दिला. "लेकानं भरवावं," तो म्हणाला. "ह्याच्याच बियाचा माल व्हता त्यो."

आता सांगावं. लोक थांबले आहेत, बाने तोंड उघडलं आहे, आता सांगितलं नाही तर पुन्हा कधीच सांगता येणार नाही. दिनकरच्या घशात शब्द आलेही. पण अंगणभर माणसं होती, आणि त्यांच्यासमोर सांगणं म्हणजे बाला आणखी एकदा त्या बाजारात नेऊन बसवणं. त्याने तुकडा बाच्या तोंडात दिला.

बा चावायला लागला. एकदा, दोनदा. आधी तोंडावर हसू होतं, मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. जीभ टाळ्याला लागली. कवळीशिवायचे ते उरलेसुरले दात सावकाश, अगदी सावकाश फिरत होते. जिची त्याने वाट बघितली होती ती चव काय असेल कोण जाणे, पण तोंडात आली ती रोज दुपारची, दह्याशिवायची. बाने मान वळवून दिनकरकडे बघितलं. फार वेळ नाही. त्या बघण्यात राग असता तर दिनकरने तो आनंदाने घेतला असता. तिथे विचारणाही नव्हती. बाजारात गड्डा खाली ठेवणाऱ्या बाईकडे बा असाच बघायचा. मग त्याने घास गिळला.

"काय, आश्रुबा?" सटवाजीने विचारलं. सगळे कान देऊन उभे होते.

"माल चांगला हाय," बा मोठ्याने म्हणाला. "पंधरा वर्सांनी खाल्ली. लय गोड हाय."

अंगण दणाणून गेलं. बा कधी खोटं बोलला नव्हता, निदान दिनकरने कधी ऐकलं नव्हतं. गड्ड्याचे तुकडे हातोहात वाटले गेले, लहानमोठ्यांनी खाल्ले, कुणी तोंड वाकडं केलं, कुणी हसलं. बा सगळ्यांचे नमस्कार घेत होता, डोक्यावरून हात फिरवत होता. दिनकर त्याच्या पायाशी उभा होता, पण तो हात त्याच्याकडे आला नाही.

लोक पांगायला दुपार झाली. सटवाजी ओसरीवर आडवा झाला. दिनकर स्वयंपाकघरात गेला, विळीवर बसला, काकडी चिरली, दही घातलं, कूट घातला. फडताळात झाकून ठेवलेल्या अर्ध्या गड्ड्याला त्याने हात लावला नाही. ताट वाढून तो बाहेर आला आणि नेहमीसारखं खाटेपाशी ठेवलं. बाने ताटाकडे बघितलं. वाटीकडे बघितलं. मग दिनकरला ओलांडून त्याने दाराकडे मान केली.

"पोरी," त्याने सत्यशीलाला हाक मारली. आवाजात काहीच नव्हतं, थकवासुद्धा नव्हता. "आजपासनं माझं ताट तू वाढत जाय."

सत्यशीलाने नवऱ्याकडे बघितलं. मग ती पुढे आली, खाली वाकली आणि ताट उचलून आत घेऊन गेली. आत वाटीतली कोशिंबीर मोरीत ओतल्याचा आवाज आला, वाटी विसळल्याचा आवाज आला. त्या दिवशी त्या वाटीत नुसती काकडी होती.